जैकालचा वाद : दूरचित्रवाणी-मालिकेतील आवर्ती पात्र आणि त्याचे प्रेक्षक

कादंबरीतील पात्र आणि मालिकेतील पात्र ह्यांमध्ये एक मूलभूत भेद आहे, आणि तो पुष्कळदा दुर्लक्षित राहतो. कादंबरीतील पात्र वाचकाच्या हाती समग्र येते. त्याच्या एखाद्या कृतीचा अर्थ लागला नाही तर मागील पृष्ठे उलटून पाहता येतात. लेखकाने जे सांगितले नाही ते सांगितलेलेच नाही, एवढी तरी खात्री करून घेता येते. आठवड्याच्या अंतराने दिसणाऱ्या मालिकेतील पात्राची गोष्ट निराळी आहे. त्यातही जे पात्र प्रत्येक भागात नसते, येते, जाते, काही आठवडे दृष्टीआड राहते आणि पुन्हा अवतरते, त्याची तर फारच निराळी. अशा पात्रास आपण 'आवर्ती पात्र' म्हणू. नायक प्रेक्षकासमोर सतत वावरत असल्यामुळे त्याच्याविषयी मतभेदास फारसा वाव राहत नाही. एकदाच येऊन जाणारे पात्र विस्मरणात जाते. आवर्ती पात्र मात्र दोन आगमनांमधील रिकाम्या जागेत वाढते, आणि ती जागा भरण्याचे काम लेखक करीत नसून प्रेक्षक करीत असतात. वाद उद्भवतात ते तेथे.

असा एक वाद येथे विवेचनासाठी घेतला आहे. तो 'शक्तिमान' ह्या हिंदी मालिकेतील डॉ. जैकाल ह्या पात्राविषयीचा. मालिका मुंबईत निर्माण झालेली, भाषा हिंदी, आणि प्रेक्षक सर्व प्रांतांतील. तेव्हा तिचा विचार मराठीच्या अभ्यासकांनी का करावा असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, महाराष्ट्रातील ज्या पिढीचे बालपण १९९७ ते २००५ ह्या काळात गेले, तिच्या कल्पनाविश्वात ह्या मालिकेने जेवढी जागा व्यापली तेवढी त्या काळातील मराठी बालवाङ्मयातील फारच थोड्या ग्रंथांनी व्यापली असेल. ही वस्तुस्थिती आपणांस रुचो वा न रुचो, ती नाकारता येणार नाही.

प्रथम थोडी माहिती देणे अवश्य आहे. 'शक्तिमान'चा पहिला भाग दिल्ली दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिनीवरून १३ सप्टेंबर १९९७ रोजी प्रक्षेपित झाला आणि मालिका मार्च २००५ मध्ये थांबली. दिग्दर्शन दिनकर जानी ह्यांचे. निर्माते आणि नायक मुकेश खन्ना. नायकाची रूपे दोन. एक, योगसाधनेने सप्तचक्रे जागृत झालेला, पंचमहाभूतांचे बळ लाभलेला शक्तिमान. दुसरे, वृत्तपत्रात छायाचित्रकाराचे काम करणारा, पुढे आलेल्या दातांचा, चष्मा लावणारा, बावळट भासणारा पंडित गंगाधर. त्याच्या विरोधात तमराज किल्विष हा अंधाराचा अधिपती, आणि त्या अंधाराच्या पक्षाचा वैज्ञानिक म्हणून डॉ. जैकाल. किल्विषाची भूमिका सुरेंद्र पाल ह्यांनी केली, जैकालची ललित परिमू ह्यांनी. 'अंधेरा कायम रहे' ही किल्विषाची घोषणा आणि 'पॉवर' ह्या एका शब्दाचा जैकालने केलेला उच्चार ह्या दोन गोष्टी त्या पिढीतील कोणासही आज विचाराव्यात. अभिनयासह ऐकावयास मिळतील.

ही मालिका विज्ञानकथा आहे काय, हा प्रश्न येथे सोडविण्याचे कारण नाही. ती अर्धी पुराणकथा आहे आणि अर्धी विज्ञानकथा. वादाचे मूळ ह्याच मिश्रणात आहे, एवढे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे.

वादाचे स्वरूप आमच्या पाहण्यात आले ते सीवूड्स येथे. हार्बर मार्गावर नेरूळ आणि बेलापूर ह्यांच्या मधोमध असलेली ही वसाहत. नाव इंग्रजी, परंतु रेल्वे-स्थानकाच्या नावात दारावे ह्या जुन्या गावाचे नाव जोडलेले. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली आणि १९९२ मध्ये रेल्वेने खाडी ओलांडून वाशी गाठली. त्यानंतरच्या दशकात ह्या बाजूला राहावयास आलेल्या कुटुंबांची मुले म्हणजे बरोबर 'शक्तिमान'चा प्रेक्षकवर्ग. एकाच जिन्यावर मराठी, मल्याळी, गुजराती, पंजाबी घरे. मुलांना समान असे पुराण नव्हते, सणही पूर्णपणे समान नव्हते. परंतु रविवारी दुपारचा शक्तिमान समान होता. आमच्या विभागातील काही विद्यार्थी तेथे राहतात. त्यांच्या आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्या, आता चाळिशीच्या आसपास पोहोचलेल्या मंडळींच्या गप्पांस दोन-तीनदा बसण्याचा योग आला, आणि जैकालच्या नावाने जो कडाका उडाला तो पाहून हा लेख लिहावासा वाटला.

मतभेद थोडक्यात असा. एका पक्षाचे म्हणणे, जैकाल हा विज्ञानाचे प्रतीक आहे. योगी उजेडाच्या बाजूस आणि वैज्ञानिक अंधाराच्या बाजूस अशी मांडणी करून ह्या मालिकेने आठ वर्षे मुलांच्या मनात प्रयोगशाळेविषयी भय पेरले. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, जैकाल हा सत्तालोभाचे प्रतीक आहे; तो वैज्ञानिक असणे हा केवळ योगायोग, तो सावकार असता अथवा मंत्री असता तरी गोष्ट तीच राहिली असती. ह्या दोहोंहून निराळे असे तिसरे मत एका बाईंनी मांडले. त्या तुर्भ्याच्या औद्योगिक क्षेत्रातील एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ आहेत. त्या म्हणाल्या, "मला जैकाल आवडायचा. बाकी सगळ्यांना शक्ती मिळालेली होती. हा एकटाच ती खटपट करून मिळवताना दिसायचा." त्यावर विधीचा अभ्यास करणारा एक तरुण म्हणाला, "अहो ताई, पण तो माणसं मारायला निघाला होता!" ताईंनी शांतपणे उत्तर दिले, "ते मला तेव्हाही कळत होतं रे. पण काचेच्या नळ्या त्याच्याकडेच होत्या ना."

हे शेवटचे वाक्य हसण्यावारी नेण्याजोगे नाही. त्याकडे पुढे वळूच.

प्रथम दोन्ही खलपात्रांच्या नावांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. 'किल्बिष' अथवा 'किल्विष' हा संस्कृत शब्द पाप, दोष, मल ह्या अर्थाचा आहे. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात तो आलेला आहे. मराठीत तोच 'किल्मिष' ह्या रूपाने नांदतो. मनात किल्मिष नाही असे आपण रोजच्या बोलण्यात म्हणतो, तेव्हा मनाच्या तळाशी साचलेली आढी, डाग, असे काहीसे आपणांस अभिप्रेत असते. तमराज किल्विष म्हणजे अंधाराचा राजा जो मल, तो. मराठी कानाला हे नाव परके नाहीच. किंबहुना त्याचे स्वरूप नावातच उघड झालेले आहे. हे पात्र म्हणजे व्यक्ती नसून रूपक आहे. कृष्णमिश्राने अकराव्या शतकात 'प्रबोधचन्द्रोदय' नाटकात विवेक आणि महामोह ह्यांना राजे करून रंगभूमीवर आणले. त्या परंपरेतील हा महामोह होय. महामोह असा का वागतो, त्याचे बालपण कसे गेले, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. मोह मोहासारखा वागतो. किल्विषास हेतू असण्याची आवश्यकता नाही, आणि म्हणून त्याच्याविषयी प्रेक्षकांत फारसा वादही होत नाही. सीवूड्सच्या त्या मंडळीत किल्विषावर कोणी पाच मिनिटेही खर्च केली नाहीत.

जैकालचे तसे नाही. नावात 'काल' आहे, इंग्रजी कोल्हा ऐकू येतो, आणि स्टीव्हन्सनच्या १८८६ सालच्या कथेतील डॉ. जेकिलही दूरवरून ऐकू येतो. ही आमची नादावरून बांधलेली अटकळ, त्यापलीकडे तिला आधार नाही. महत्त्वाचे हे की, त्याच्या नावामागे 'डॉक्टर' लागते. ज्याला पदवी आहे तो कोठेतरी शिकला असला पाहिजे. कोणी तरी त्यास शिकविले असले पाहिजे. त्याने कधीतरी, कशाकरिता तरी, विद्येकडे पाठ न फिरवता तिच्यात आयुष्य घालविले असले पाहिजे. म्हणजे जैकाल हा मनुष्य आहे, आणि मनुष्यास हेतू लागतो. दोन आवर्ती खलपात्रे, आणि ती दोन भिन्न वाङ्मयप्रकारांतून आलेली: एक रूपकनाट्यातून, एक विज्ञानकथेतून. मालिकेने त्यांना एकाच सिंहासनाच्या वर-खाली बसविले आणि रूपकाचे नियम मनुष्यासही लागू केले. जैकाल दुष्ट का, ह्याचे समाधानकारक उत्तर प्रेक्षकास मिळाले नाही. मग ते प्रेक्षकांनीच पुरविले, आणि प्रत्येकाने आपापले पुरविले.

ते कसे पुरविले हे पाहणे मोठे उद्बोधक आहे. ह्या मंडळींपैकी संस्कृतचा अभ्यास केलेला एकच होता, तथापि सर्वांच्या तर्काची पद्धती मात्र मीमांसकांची होती. पुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही असे दिसले तर तो रात्री जेवत असला पाहिजे असे अनुमान करावे लागते; ह्यास मीमांसक अर्थापत्ती म्हणतात. जैकालचा पराभव होतो आणि पुढे तो पुन्हा सर्व साधनांसह उभा दिसतो. ज्याअर्थी तो उभा आहे त्याअर्थी कोणी तरी त्यास साधने पुरविली आहेत. किल्विष तर मंत्रबळावर चालणारा, त्याला यंत्रसामग्री कोठून. म्हणून बाहेर, शहरात, प्रतिष्ठित माणसांत जैकालचे साहाय्यक असले पाहिजेत. हा सगळा प्रासाद एका रिकाम्या जागेवर उभारलेला आहे. परंतु तो अतार्किक नाही. विधीच्या विद्यार्थ्याने जैकालला दोषी धरताना हाच आधार घेतला, आणि ताईंनी त्याचा बचाव करताना हाच घेतला: साहाय्यक असतील तर पैसा त्यांचा, मग हेतूही त्यांचाच नसेल कशावरून?

वाक्याचे तात्पर्य ठरविण्याची सहा गमके आपल्या शास्त्रकारांनी सांगितली आहेत. उपक्रम व उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. त्यांतील अभ्यास म्हणजे पुनरुक्ती. ग्रंथात जे पुनःपुन्हा येते तेच ग्रंथाला सांगावयाचे असते. आवर्ती पात्र म्हणजे मालिकेतील अभ्यासच होय. आणि ज्या गोष्टीची पुनरुक्ती करण्याचा निर्मात्यांचा हेतू असतो, तिचेच तात्पर्य प्रेक्षक काढतो. प्रत्येक वेळी नवे संकट प्रयोगशाळेतून बाहेर पडत असेल तर मुलाच्या मनावर ठसतो तो प्रयोगशाळेचा दरवाजा. पहिल्या पक्षाचे बळ येथे आहे. दुसरा पक्ष फलावर बोट ठेवतो: शेवटी हरतो तो लोभ, विद्या नव्हे. उपक्रमोपसंहाराचा उपयोग मात्र कोणासच करता आला नाही, कारण मालिकेचा शेवट त्यांच्यापैकी एकालाही नीट आठवत नव्हता. आठ वर्षांत ती मुले मोठी होऊन परीक्षांत गुंतली होती.

येथे तुलनेसाठी एका परदेशी पात्राचा निर्देश करणे योग्य होईल. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' ह्या अमेरिकन मालिकेत (१९८७ ते १९९४) क्यू नावाचे एक सर्वशक्तिमान पात्र आठ कथांत येते. तो खोडकर आहे, गर्विष्ठ आहे, माणसांना संकटात लोटतो आणि मजा पाहतो. १९८९ मधील एका कथेत तो नायकाचे यान एका चुटकीसरशी दूरच्या अवकाशात भिरकावून देतो. तेथे बॉर्ग नामक भयंकर शत्रूशी गाठ पडते आणि यानावरील अठरा माणसे दगावतात. त्याने सूड उगविला की वेळीच सावध केले? क्यू दुष्ट की गुरू? ह्या प्रश्नावर त्या मालिकेचे चाहते तीन दशके भांडत आहेत. आपल्या वाचकांस नारदाची आठवण होईल. कळीचा नारद हा शब्दप्रयोग आपण निंदेने वापरतो, परंतु नारदाने लावलेल्या कळीतूनच कथा पुढे सरकते आणि पुष्कळदा कोणाचा तरी गर्वही उतरतो, हे कीर्तन ऐकणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. भेद एवढाच की, क्यूविषयीची संदिग्धता त्या लेखकांनी हेतुपुरस्सर राखलेली आहे. पहिल्या कथेत तो मानवजातीवर खटला भरतो आणि शेवटच्या कथेत सांगतो की तो खटला कधी संपलाच नव्हता. उपक्रम आणि उपसंहार जुळतात, मधल्या सर्व आगमनांना त्या प्रकाशात नवा अर्थ येतो. तरीही वाद मिटत नाही, कारण तो मिटू नये अशीच योजना आहे. जैकालची संदिग्धता योजनेतून आलेली नाही, ती अनवधानातून आली आहे. मात्र प्रेक्षकाला ह्या दोहोंतील भेद दिसत नाही. तो दोन्हीकडे सारख्याच निष्ठेने खोदतो.

आणखी एक अडचण मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. १९९७ साली मध्यमवर्गीय घरात मालिकेचे भाग साठवून ठेवण्याची सोय फारशी नव्हती. ज्या रविवारी वीज गेली, पाहुणे आले, गावी लग्न निघाले, तो भाग गेला. अशा स्थितीत प्रत्येक प्रेक्षकापाशी मालिकेचा स्वतंत्र पाठ तयार झाला. कोणाच्या पाठात जैकालची दहा आगमने होती, कोणाच्या पाठात चार. आणि ज्याच्या पाठात जी होती त्यांवरून त्याने जैकालचे चारित्र्य ठरविले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. पाठभेदांची छाननी केल्यावाचून पात्राविषयी बोलू नये हा धडा त्या प्रचंड उद्योगाने आपणांस दिला. मालिकांच्या बाबतीत आपण अद्याप त्या पायरीवर पोहोचलेलो नाही. एप्रिल २०२० मध्ये, देशव्यापी टाळेबंदीच्या काळात, दूरदर्शनने 'शक्तिमान' पुन्हा दाखविण्यास आरंभ केला, तेव्हा पुष्कळांना आपल्या स्मृतीतील पाठ प्रथमच मूळाशी ताडून पाहता आला. सीवूड्सच्या एका गृहस्थांनी तो आपल्या मुलाला शेजारी बसवून पाहिला. त्यांच्या आठवणीतील जैकालची प्रयोगशाळा प्रचंड होती. पडद्यावर ती एक खोली निघाली. मुलगा म्हणाला, "बाबा, हा ओरडतो का एवढा?" गृहस्थांचा पक्ष त्यामुळे बदलला नाही. त्यांनी सांगितले की वाद त्यांच्या जैकालविषयी आहे, ह्याच्याविषयी नाही. पाठचिकित्सक ह्यावर कपाळाला हात लावील. परंतु लोकपरंपरेचा अभ्यासक मान डोलावील.

हे सर्व पोरकट आहे असा आक्षेप येणे स्वाभाविक आहे. त्यास उत्तर देण्यापूर्वी आपल्याच वाङ्मयाकडे पाहावे. १९६७ ह्या एकाच वर्षी इरावती कर्वे ह्यांचे 'युगान्त' आणि शिवाजी सावंत ह्यांची 'मृत्युंजय' ही दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. एकीत महाभारतातील थोरांची निर्मम तपासणी, दुसरीत कर्णाचा उत्कट कैवार. त्या वर्षापासून मराठी घरांत कर्णावर आणि भीष्मावर जे वाद झाले, त्यांची जात सीवूड्सच्या वादाहून निराळी होती असे आम्हांस वाटत नाही. तेथेही रिकाम्या जागा होत्या, तेथेही अर्थापत्ती होती. योगायोग असा की, बी. आर. चोप्रा ह्यांच्या दूरदर्शनवरील 'महाभारत' मालिकेत (१९८८ ते १९९०) भीष्म झाले होते मुकेश खन्ना आणि द्रोण झाले होते सुरेंद्र पाल. राजसभेत द्रौपदीची विटंबना होत असता मूक राहिलेल्या दोघा वृद्धांपैकी एक सात वर्षांनी उजेडाचा नायक झाला आणि दुसरा अंधाराचा अधिपती. थोरल्या भावंडांबरोबर 'महाभारत' पाहिलेल्या मुलाच्या मनात ह्या चेहऱ्यांनी काय घोटाळा केला असेल, ह्याची कल्पनाच केलेली बरी. विद्यावंताने अधर्माची चाकरी का करावी, हा द्रोणाविषयीचा प्रश्न. जैकालविषयीचा प्रश्न तोच आहे; फक्त द्रोणाला दारिद्र्याची आणि अपमानाची पूर्वकथा व्यासांनी दिली, जैकालला कोणी दिली नाही.

विद्या शत्रुपक्षाकडे असणे ही आपल्या पुराणांना अपरिचित गोष्ट नव्हे. संजीवनी विद्या असुरांच्या गुरूकडे, शुक्राचार्यांकडे होती. परंतु देवांनी काय केले? त्यांनी बृहस्पतिपुत्र कचाला शुक्राचार्यांकडे शिष्य म्हणून धाडले. कच तेथे राहिला, गायी राखल्या, मरण सोसले, आणि विद्या घेऊन परत आला. पुराणकर्त्याला विद्या आणि विद्येचा स्वामी ह्यांमध्ये भेद करता येत होता. 'शक्तिमान'मध्ये कच नाही. जैकालच्या तोडीचा, पुनःपुन्हा येणारा असा वैज्ञानिक उजेडाच्या पक्षात दिसत नाही. जैकालपाशी शिकण्यासारखे काही असू शकेल अशी शंकाही त्या पक्षास शिवत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या 'मिस्टर इंडिया' (१९८७) ह्या हिंदी चित्रपटात नायकास अदृश्य करणारे यंत्र त्याच्या वैज्ञानिक पित्याने निर्माण केलेले असते, म्हणजे विद्या वारशाने सज्जनाकडे येते. तेवढाही धागा येथे नाही. मालिकेचे खरे वैगुण्य आमच्या मते हे आहे. खलनायक वैज्ञानिक असण्यात काहीच बिघडत नाही. मेरी शेलीपासून (१८१८) एच. जी. वेल्सपर्यंत (१८९६ सालची डॉ. मोरोची कथा) विज्ञानकथेने तो प्रकार सन्मानाने हाताळलेला आहे. बिघडते ते तो एकटाच वैज्ञानिक असण्यात. तुर्भ्याच्या ताईंना काचेच्या नळ्या आवडत होत्या आणि त्या पाहावयाच्या तर खलनायकाच्या घरी जाण्यावाचून गत्यंतर नव्हते.

ह्याच्या शेजारी मराठी विज्ञानकथा ठेवून पाहावी. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा-स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप असे होते, आणि ते धारण करणारे होते जयंत नारळीकर. पुढे 'यक्षांची देणगी' (१९७९) ह्या त्यांच्या संग्रहात 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा आली. तिच्यात गणपतीच्या मूर्तीची सोंड डावीकडून उजवीकडे जाते ती चमत्काराने नव्हे, अवकाशाच्या भूमितीमुळे. श्रद्धेचा विषय आणि विज्ञानाचा विषय एकाच कथेत येतात, परंतु त्यांना युद्धास उभे केले जात नाही. नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात निवर्तले. त्यांच्या कथांतील वैज्ञानिक प्रसंगी चुकतो, प्रसंगी हट्टी असतो, पण तो शेजारी राहणारा माणूस असतो. हा वैज्ञानिक मराठी मुलांस पुस्तकात भेटत होता, आणि जैकाल पडद्यावर. दोघांच्या प्रेक्षकसंख्येची तुलना न केलेली बरी.

पहिल्या पक्षाचा निष्कर्ष मात्र आम्हांस जसाच्या तसा मान्य करता येत नाही. भय पेरले गेले असेल, पण उगवले काय? मालिका चालू असतानाच, मे १९९८ मध्ये, पोखरण येथे अणुचाचण्या झाल्या आणि वैज्ञानिकांची छायाचित्रे घरोघरी पोहोचली. जुलै २००२ मध्ये ए. पी. जे. अब्दुल कलाम राष्ट्रपती झाले. त्याच मुलाच्या वहीच्या मुखपृष्ठावर कलाम होते आणि रविवारी समोर जैकाल होता. मुलाने ह्यातून विरोध काढला नाही, त्याने विभागणी केली. कलाम खरे आणि जैकाल गोष्टीतला. मुले रूपक आणि वास्तव ह्यांत गोंधळतात असे आपण सरसकट मानतो. तेही पूर्ण खरे नाही. दुसऱ्या बाजूस हेही विसरता येत नाही की, शक्तिमान वाचवील ह्या भरवशावर मुलांनी स्वतःस इजा करून घेतल्याच्या बातम्या त्या काळात वृत्तपत्रांत येत होत्या. निर्मात्यांनी त्या आरोपांचा इन्कार केला, तथापि मालिकेत मुलांना उद्देशून सूचनाही दिल्या जात. भागाच्या शेवटी एखादे मूल आपल्या चुकीबद्दल शक्तिमानाची क्षमा मागे आणि उपदेश ऐके. दात घासा, खोटे बोलू नका, उंचावरून उडी मारू नका. वैज्ञानिक असा नसतो, एवढे एक वाक्य त्या यादीत घालण्याची गरज कोणास वाटल्याचे सीवूड्सच्या मंडळींपैकी कोणाच्या आठवणीत नाही.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, की तो वैज्ञानिक असणे हा योगायोग, हे तर त्याहून दुबळे आहे. सावकार असता तरी गोष्ट तीच राहिली असती हे खरे नव्हे. सावकाराच्या हातून नवे काही निर्माण होत नाही, आणि आवर्ती खलपात्रास प्रत्येक आगमनी नवे काही आणावे लागते. मालिकेच्या रचनेलाच निर्मिती करणारा खलनायक हवा होता. नवे यंत्र, नवा कृत्रिम प्राणी, नवे संकट. म्हणजे जैकालचे वैज्ञानिकपण त्याच्या नीतीतून आलेले नसून कथानकाच्या साप्ताहिक गरजेतून आलेले आहे. योग्याला दर आठवड्यास नवा योग आणता येत नाही. योग एकदाच सिद्ध होतो. विज्ञान मात्र दर आठवड्यास काहीतरी नवे देते, आणि म्हणून ते ज्याच्या हाती असेल तो कथेत परत परत येतो. ह्या दृष्टीने पाहता ताईंचे निरीक्षण तिन्हींत सर्वांत अचूक ठरते. शक्तिमान सिद्ध आहे, जैकाल साधक आहे. आणि लहान मुलाला सिद्धापेक्षा साधक अधिक जवळचा वाटावा ह्यात नवल नाही, कारण मूल स्वतः दररोज काही ना काही करून पाहत असते.

बैठक मोडताना विधीच्या विद्यार्थ्याने आपला मुद्दा थोडा सैल केला. जैकालवर खटला भरायचा झाला तर त्याची पूर्वकथा न्यायालयाला द्यावी लागेल, आणि ती उपलब्ध नाही, असे तो म्हणाला. तोवर संशयाचा फायदा आरोपीला. २०२२ मध्ये 'शक्तिमान'वर चित्रपट काढण्याची घोषणा झाली आहे. त्या चित्रपटात जैकाल असेल तर तो कोणत्या महाविद्यालयात शिकला ते तरी दाखवावे, अशी ताईंची अपेक्षा आहे. आपल्या प्रयोगशाळेतील धाकट्या सहकाऱ्यांनी त्यांना ठेवलेले टोपणनाव कोणते, हे वाचकांनी ओळखलेच असेल. त्या नावाला त्या ओ देतात.